जोश्यांचे नवग्रह आणि शाळेतील ग्रहमाला

महाबळेश्वराच्या पठारावरून निघालेली वेण्णा नदी ज्या खोऱ्यातून साताऱ्याकडे उतरते, त्याच खोऱ्यात जावळी तालुक्याची कचेरी असलेले मेढा वसले आहे. या मुलखाचा इतिहास म्हटला की चंद्रराव मोरे आणि 1656 साल यांच्यापलीकडे आपली दृष्टी सहसा जात नाही. परंतु येथील मुलांना ग्रहांची ओळख कोणी करून दिली, हा प्रश्नही कमी मनोरंजक नाही, आणि त्याचे उत्तर एकट्या मेढ्यापुरते राहत नाही, कारण घाटमाथ्यावरील बहुतेक गावांची कथा याबाबतीत सारखीच आहे.

पेशवाईच्या अखेरीस ग्रह हा शाळेचा विषय नव्हता. तो जोश्याच्या वतनात मोडे. पंतोजींपुढे धूळपाटीवर अक्षरे गिरवणारा आणि पावकी-निमकी घोकणारा मुलगा शनी-मंगळांची नावे ऐके ती पाडव्याच्या पंचांगश्रवणात, किंवा घरात कोणाला साडेसाती लागली म्हणजे. जोश्याचे गणित मात्र हिणवण्याजोगे नव्हते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 साली रचलेल्या ‘ग्रहलाघवा’च्या रीतीने चालू शकातून 1442 वजा करून बाकीस 11 ने भागले, की 4016 दिवसांचे एक याप्रमाणे किती चक्रे उलटली ते निघते, पुढे उरलेल्या दिवसांवरूनच ग्रह साधावयाचा असल्यामुळे अवाढव्य संख्या हाताळाव्या लागत नाहीत, आणि ज्या-चापांचा खटाटोपही ग्रंथकर्त्याने टाळला आहे. असे गणित पाठ असलेला गृहस्थ रात्री अंगणात येऊन ग्रह खरोखरच तेथे आहे की नाही हे पाहत असे काय, याविषयी मात्र मला शंका आहे. 1831 साली मुंबईस गणपत कृष्णाजींनी पंचांग छापून काढले, आणि पुढे छापील पंचांगे गावोगाव पोचू लागल्यावर तर ते गणित करण्याचीही निकड राहिली नाही.

नवी ग्रहमाला मराठीत आली ती दुरून. भोपाळनजीक सीहोर येथे पोलिटिकल एजंट विल्किन्सन यांच्या आश्रयाने सुबाजी बापू यांनी 1836 साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ प्रसिद्ध करून पुराणांचे, सिद्धांतांचे आणि कोपर्निकसाचे अशी तिन्ही मते ताडून पाहिली. 1848 मध्ये सातारचे राज्य खालसा होऊन हा प्रदेश मुंबई इलाख्यात गेला, पुढे शाळाखाते आले, आणि मेढ्यापासून डोंगरापलीकडे असलेल्या वाईत जन्मलेल्या कृष्णशास्त्री गोडबोल्यांनी एकीकडे ‘ग्रहलाघवा’चे मराठी भाषांतर केले व दुसरीकडे इंग्रजी ग्रंथाच्या आधारे ‘ज्योतिःशास्त्र’ लिहिले. केरो लक्ष्मण छत्रे यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ 1860 ची. जुने आणि नवे ही दोन्ही दप्तरे एकाच मेजावर उघडून बसणारी ती पिढी होती.

नव्या यादीत विद्यार्थ्यास खरा धक्का बसला असेल तो युरेनस-नेपच्यूनचा नव्हे, तर आपल्या पायाखालची जमीनच ग्रहांत मोजली गेली याचा. 1930 साली प्लूटो सापडल्यावर शाळेतही ग्रह नऊच झाले. पण जोश्यांच्या नवांत सूर्य, चंद्र, राहू, केतू, आणि शाळेच्या नवांत पृथ्वी, युरेनस, नेपच्यून, प्लूटो, असा भेद असल्यामुळे दोहोंत समान ते केवळ पाच, म्हणजे डोळ्यांना दिसणारे बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. 2006 साली प्लूटोची गणना खुज्या ग्रहांत झाली आणि शाळेची यादी आठांवर आली.

त्या पाचांकडे मुलांचे डोळे वळवणारा शिक्षक म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित. 1896 च्या त्यांच्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासाची विद्वानांनी वाखाणणी केली, ती योग्यच; तथापि जन्मभर शाळाखात्यात शिकवण्याचे काम केलेल्या या गृहस्थाने ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकास ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव दिले, यातच त्यांची अध्यापनदृष्टी मला अधिक दिसते. भिंतीवर टांगलेल्या नकाशात सगळे ग्रह एका ओळीत हारीने उभे असतात; अंगणात मात्र कोणता ग्रह केव्हा आणि किती उंचीवर येईल, हे स्थळाने ठरते. बुध सूर्यापासून 28 अंशांहून फारसा दूर जात नाही, म्हणून तो सदैव क्षितिजालगतच शोधावा लागतो. आणि मेढ्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरचा डोंगर आडवा असल्याने संधिप्रकाश ओसरण्यापूर्वीच तो त्याच्या आड होण्याचा संभव अधिक. येथील शिक्षकाने बुध दाखवावयाचा म्हटला, तर वर्ग घेऊन कासच्या पठारावर जावे हे बरे, तेही पाऊस सरल्यावर.