पश्चिम भारतातील मोटारशौकिनांच्या संस्था आणि वेगाचे नियमन : पनवेल-शिरढोण परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

मुंबई व तिच्या परिसरात विसाव्या शतकाच्या आरंभापासून मोटारमालकांच्या आणि वेगवान मोटारींच्या शौकिनांच्या संस्था अस्तित्वात आल्या. या संस्थांकडे बहुधा श्रीमंतांचा छंद म्हणून पाहिले गेले. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार वेगाचे नियमन करणाऱ्या स्वयंसेवी संस्था म्हणून केला आहे. पनवेल तालुक्यातील शिरढोणसारख्या महामार्गालगतच्या गावाच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व काय, याचीही चर्चा येथे केली आहे.

बीजसंज्ञा : मोटार संघटना, स्पोर्ट्स कार, मोटारक्रीडा, महामार्ग, शिरढोण, रायगड जिल्हा.

प्रस्तावना

शिरढोण हे पनवेल तालुक्यातील गाव आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मस्थान (४ नोव्हेंबर १८४५) म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. कर्नाळा किल्ल्याच्या पंचक्रोशीतील हे गाव मुंबई-गोवा महामार्गालगत वसले आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्र. १७ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आज क्र. ६६ या क्रमांकाने ओळखला जातो. गावापासून जवळच असलेल्या पनवेल येथून एक रस्ता बोरघाटमार्गे पुण्याकडे, तर दुसरा शिरढोणवरून पेण व कोकणाकडे जातो. मुंबईच्या मोटारशौकिनांना पुणे किंवा कोकण गाठण्यासाठी पनवेलचा परिसर ओलांडावा लागे. या शौकिनांच्या संस्था मुंबईत स्थापन झाल्या, परंतु त्यांचा छंद ज्या रस्त्यांवर वाढला ते रस्ते पनवेलसारख्या तालुक्यांतून जात होते. म्हणून या संस्थांचा इतिहास केवळ महानगराचा इतिहास ठरत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) पश्चिम भारतातील मोटारशौकिनांच्या संस्थांच्या वाटचालीचे टप्पे निश्चित करणे.
२) या संस्थांचा रस्ते व कायदा यांच्याशी असलेला संबंध तपासणे.
३) महामार्गालगतच्या ग्रामीण समाजाच्या दृष्टीने या संस्थांच्या कार्याचे मूल्यमापन करणे.

पहिला टप्पा : मालकांची संघटना

मुंबईत मोटारगाड्या १८९८ च्या सुमारास आल्या. प्रारंभीच्या मालकांत जमशेटजी टाटा यांचा समावेश होता. काही वर्षांतच मालकांनी संघटित होण्यास सुरुवात केली. 'मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेने १९०४ च्या अखेरीस दिल्ली ते मुंबई अशी मोटारचाचणी आयोजित केली. या उपक्रमाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. ती निव्वळ वेगाची शर्यत नव्हती. लांबच्या व कच्च्या रस्त्यावर गाडी न मोडता टिकते किंवा नाही, याची ती परीक्षा होती. भारतातील मोटारक्रीडेचा प्रारंभ अशा प्रकारे वेगापेक्षा विश्वसनीयतेच्या कसोटीने झाला.

१९१९ मध्ये मुंबईत 'वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन' स्थापन झाली. सभासदांना रस्त्यात साहाय्य करणे, प्रवासमार्गाची माहिती देणे, परदेशी गाडी नेण्यासाठी आवश्यक कागदपत्रे पुरविणे अशी कामे या संस्थेने केली. मोटारमालकांचा वर्ग तेव्हा लहान होता; तथापि त्याच्या गरजांतून सार्वजनिक प्रश्न उभे राहिले. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींनुसार १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे अतिरिक्त कर बसविण्यात आला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. मोटार चालविणाऱ्याने रस्त्याचा खर्च उचलावा, हे तत्त्व येथे रूढ झाले. रस्त्यालगत राहणाऱ्यांना पोहोचणाऱ्या धोक्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र या हिशेबात आला नाही.

दुसरा टप्पा : वेगाची हौस

दोन महायुद्धांच्या दरम्यान खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणता येतील अशा गाड्या संस्थानिक व उद्योजक यांच्याकडे येऊ लागल्या. इंदूरचे यशवंतराव होळकर (द्वितीय) यांची ड्यूसेनबर्ग एसजे ही गाडी जगभरातील जाणकारांना आजही ज्ञात आहे. जे. आर. डी. टाटा यांच्याकडे बुगाटी होती. ती भरधाव चालविल्याच्या प्रकरणात त्यांनी जॅक विकाजी या वकिलाचे साहाय्य घेतले आणि त्या परिचयातून विकाजींची पुतणी थेल्मा हिच्याशी १९३० मध्ये त्यांचा विवाह झाला. हा प्रसंग सामान्यतः प्रणयकथा म्हणून सांगितला जातो. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो वेगळी गोष्ट दाखवितो. वेगवान गाडी उपलब्ध होती, ती चालविण्याची हौस होती. परंतु त्या हौसेसाठी राखीव जागा नव्हती. सार्वजनिक रस्ता हाच शर्यतीचा मार्ग होता.

स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी स्पोर्ट्स कार दुर्मीळ झाल्या. जनरल मोटर्सचा शिवडी येथील जुळणी कारखाना (१९२८) १९५४ मध्ये बंद झाला. शौकिनांनी मग वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाट गाड्यांमध्येच फेरबदल करून शर्यतीची हौस भागविली. या टंचाईच्या काळात गाडीच्या मालकीइतकेच तिच्या यंत्राच्या ज्ञानाला महत्त्व आले आणि गॅरेजमधील कुशल मिस्त्री या छंदाचा अपरिहार्य भागीदार बनला. त्याची नावनिशी मात्र संस्थांच्या इतिहासात क्वचितच आढळते.

तिसरा टप्पा : क्रीडासंस्था

१९५३ मध्ये स्थापन झालेल्या 'मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब'ने शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर शर्यती भरविल्या आणि १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे कायमस्वरूपी शर्यतमार्ग उभा केला. विसाव्या शतकाअखेरपर्यंत महाराष्ट्रात या तोडीचा मार्ग उभा राहिला नाही. साहजिकच येथील मोटारक्रीडा वर्तुळाकार शर्यतीऐवजी लांब पल्ल्याच्या 'रॅली'कडे वळली. १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये सहभागी ९८ गाड्यांपैकी ७२ गाड्या मुंबईत पोहोचल्या व तेथून जहाजाने ऑस्ट्रेलियाकडे रवाना झाल्या. १९८० मध्ये पहिली हिमालयन रॅली मुंबईहून सुरू झाली. तिच्या संघटनेत मुंबईचे नाझीर हुसेन यांचा पुढाकार होता.

याच परंपरेत 'वेळ-वेग-अंतर' या प्रकारच्या रॅलींना स्थान आहे. त्यांत ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने व नेमक्या वेळी प्रत्येक ठाण्यावर पोहोचावे लागते. उशिरा पोहोचल्यास गुण जातात, तसेच लवकर पोहोचल्यासही जातात. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनने अँबी व्हॅलीपर्यंत आयोजित केलेली महिलांची रॅली याच प्रकारातील होय. सार्वजनिक रस्त्यावर घेता येईल असा हा खेळप्रकार असून त्यात सुसाट धावणे हा दोष ठरतो.

चौथा टप्पा : उदारीकरणानंतर

१९९१ नंतर चित्र पालटले. परदेशी बनावटीच्या शक्तिशाली गाड्या पुन्हा दिसू लागल्या आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस मुंबईत गौतम सिंघानिया यांच्या पुढाकाराने 'सुपर कार क्लब' अस्तित्वात आला. रायगड जिल्ह्यानेही या इतिहासात स्वतःची भर घातली. शिरढोणवरून जाणारा रस्ता पुढे पेण व वडखळमार्गे अलिबागकडे वळतो. त्या वाटेवरील कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्स या छोट्या उद्योगाने फायबरग्लासचा सांगाडा व इसुझू बनावटीचे १.८ लिटरचे इंजिन असलेली दुआसनी 'रोडस्टर' तयार केली. महानगराचा छंद म्हणून ओळखली जाणारी वस्तू येथे ग्रामीण कोकणातील कारागिरीतून घडली.

रस्तेही बदलले. पनवेलजवळील कळंबोलीपासून सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. याउलट मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊन दीर्घकाळ रेंगाळले. गाड्यांची क्षमता आणि रस्त्याची अवस्था यांतील ही तफावत शिरढोणच्या रहिवाशाला रस्ता ओलांडताना दररोज अनुभवावी लागली.

कायदा आणि संस्था

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. मूळ कायद्यात त्यासाठी एक महिन्यापर्यंत कारावास किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो तीन महिने व पाच हजार रुपये असा वाढविण्यात आला. लक्षावधी रुपयांच्या गाडीच्या मालकाला या दंडाचा धाक किती वाटेल, हे उघड आहे. येथेच संस्थेचे महत्त्व दिसून येते. सभासदत्व रद्द होणे, स्पर्धेचा परवाना जाणे, सोबत्यांत नापसंती होणे या गोष्टी अशा व्यक्तीला दंडापेक्षा अधिक जाणवतात. कायदा गुन्हा घडल्यावर प्रामुख्याने कार्यरत होतो; संस्था मात्र गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच शिस्त लावू शकते.

निष्कर्ष

१) १९०४ ची विश्वसनीयता चाचणी आणि अलीकडील 'वेळ-वेग-अंतर' रॅली यांवरून असे दिसते की, पश्चिम भारतातील मोटारक्रीडेची टिकाऊ परंपरा ही निव्वळ वेगाची नसून नियंत्रित वेगाची आहे.
२) कायमस्वरूपी शर्यतमार्गाचा दीर्घकाळ अभाव असल्यामुळे या प्रदेशात छंदाचा भार सार्वजनिक रस्त्यांवर पडत राहिला. हे रस्ते ज्या गावांतून जातात, त्यांना संस्थांच्या सभासदत्वात वा निर्णयप्रक्रियेत स्थान मिळाले नाही.
३) शौकिनांच्या संस्थेचे ऐतिहासिक मूल्य तिच्या सभासदांच्या गाड्यांच्या किमतीवरून ठरविता येत नाही. किती वेग तिने सार्वजनिक रस्त्यावरून काढून सुरक्षित जागी नेला, हा तिचा खरा निकष होय.
४) संस्थांच्या स्मरणिका, मार्गपत्रिका व सभासद-नोंदी यांसह गॅरेज-कारागिरांच्या आठवणींचे संकलन स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घेतल्यास, या इतिहासात आजवर अनुपस्थित राहिलेला मिस्त्री आणि रस्त्याकडेचा ग्रामस्थ या दोघांनाही स्थान मिळू शकेल.