शेअरांचें वेड आणि हिशेबाची सक्ती

समर्थ रामदासांची जन्मभूमि जांब. लिहिलेलें अक्षर निर्मळ असावें म्हणून दासबोधांत एक समास खर्ची घालणाऱ्या या संतांच्या महाराष्ट्रांतच 1865 सालीं न लिहिलेल्या, न दाखविलेल्या हिशेबांनीं हाहाकार उडविला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें लँकेशायरच्या गिरण्यांस हिंदी कापसावांचून गत्यंतर उरलें नाहीं, आणि मुंबईंत पैसा मावेनासा झाला. समुद्र मागें हटवूं निघालेल्या बॅकबे कंपनीचा 5,000 रुपये भरलेला शेअर 50,000 पर्यंत चढला. कंपनीची मालमत्ता कोणती, देणें किती, हें विचारणाराच वेडा ठरे! बँक ऑफ बाँबेनें तर अशा शेअरांच्या तारणावर कर्जें दिलीं. 1863 च्या कायद्यानें तिच्यावरील जुना निर्बंध सैल केला होता. एप्रिल 1865 मध्यें युद्ध संपत आलें, कापूस उतरला आणि शेअरांची रद्दी झाली. बँक 1868 सालीं गुंडाळावी लागली.

सरकार मात्र सावकाश जागें झालें. सार्वजनिक कंपनीच्या माहितीपत्रकांत काय असावें, हें 1913 च्या कायद्यानें ठरविलें. ताळेबंद दाखल करणें व हिशेब तपासून घेणें सक्तीचें झालें. नफातोट्याचें पत्रक आलें तें 1936 च्या दुरुस्तीनें. सेबीस कायद्याचे अधिकार 1992 सालीं मिळाले. हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आलें तें त्याच वर्षीं.