मांजराचा पगार आणि मांजराचं वजन



घरातलं म्हातारं मांजर फार जाड झालं, जिना चढताना धापा टाकतं, तर त्याला दोन-तीन दिवस उपाशी ठेवावं का? हा प्रश्न आपल्या गटांमधून नेहमी येतो. उत्तर आहे, अजिबात नाही. उपाशी ठेवलं तर ते जिवावर बेतू शकतं. पण मुळात आपलं मांजर जाड कशानं झालं, हे समजून घ्यायला आज आपण त्याचा इतिहास पाहू.

मांजर माणसाकडे आलं ते धान्यामुळे. पश्चिम आशियात सुमारे १०,००० वर्षांपूर्वी लोक शेती करून धान्य साठवू लागले. धान्यापाठी उंदीर आले आणि उंदरांपाठी रानमांजरं आली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं एक थडगं सापडलं आहे. त्याची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं होतं. त्या बेटावर मूळची रानमांजरं नव्हती. म्हणजे कुणीतरी होडीतून मांजर सोबत नेलं होतं.

उंदीर म्हणजे दोन घासांचं जेवण. त्यामुळे मांजर दिवसातून अनेकदा थोडं थोडं खातं आणि प्रत्येक वेळी दबा धरतं, धावतं, झेप घेतं. त्याचं शरीर घडलं ते मांसावर आणि मेहनतीवर.

आपल्या घरांतही मांजर होतं ते कणगीच्या राखणीला. त्याला दूधभात मिळे तो बेताचा. बाकीचं पोट त्यानं उंदरांवर भरायचं, हा न बोललेला करार होता. प्लेगच्या काळात तर मांजराचं मोल आणखी वाढलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमरावतीत बुकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर होते. ज्या गावांत मांजरं जास्त, तिथे प्लेग कमी, असं त्यांनी मांडलं आणि लोकांना मांजरं पाळायला सांगितलं. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आज आपल्याला माहीत आहे, म्हणून तो उपाय पुरा नव्हता. पण उंदरांवर वचक कुणाचा, हे त्यांनी ओळखलं होतं.

हाच करार लंडनच्या टपाल खात्यानं कागदावर लिहून ठेवला. तिथल्या मनीऑर्डर कचेरीत उंदीर कागद कुरतडत. १८६८ साली तिथे तीन मांजरं सहा महिन्यांच्या बोलीवर नेमली गेली. तिघांना मिळून आठवड्याला एक शिलिंग खर्च मंजूर झाला. उरलेलं पोट त्यांनी उंदरांवर भरावं, आणि उंदीर कमी झाले नाहीत तर भत्ता कापला जाईल, असंही बजावलं. मांजरांनी काम चोख केलं आणि १८७३ साली भत्ता दीड शिलिंग झाला. पुढे १९५३ साली ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला, की मांजरांचा भत्ता शेवटचा कधी वाढवला?

त्याच खात्याच्या मुख्यालयात तेव्हा टिब्ज नावाचा बोका होता. त्यानं १४ वर्षं नोकरी केली आणि इमारतीत उंदीर राहू दिला नाही. १९६४ साली तो गेला. त्याचा मुक्काम तळघरातल्या उपाहारगृहात होता आणि त्याचं वजन २३ पौंडांपर्यंत, म्हणजे १० किलोंच्या वर गेलं होतं. साधारण घरगुती मांजर चार-पाच किलोंचं असतं. जिथे स्वयंपाक आणि मायेचे हात पुष्कळ, तिथे कामाचं मांजरही फुगतं.

त्याच सुमारास मांजराचं जगणंच बदलत होतं. अमेरिकेत १९४७ साली एडवर्ड लो यांनी मांजराच्या शौचासाठी राखेऐवजी सुकी चिकणमाती विकायला काढली आणि मांजर चोवीस तास घरात राहू लागलं. मग कारखान्यातलं कोरडं खाणं घरोघरी पोहोचलं. आपल्याकडे कणगी गेली, पत्र्याची कोठी आली. नसबंदीमुळे नकोशा पिल्लांची आबाळ थांबली, हे चांगलंच झालं. पण नसबंदीनंतर मांजराला खाणं कमी लागतं. काम गेलं, पगार मात्र वाढला. सकाळी सून दूध घालते, दुपारी आजी पोळी कुस्करते, संध्याकाळी नातू बिस्किट देतो. प्रत्येकीला वाटतं, आपण थोडंसंच दिलं.

जाडीचा त्रास मुक्या जिवाला होतो. सांधे दुखतात, अंग चाटून साफ करता येत नाही, मधुमेह होतो. मधुमेह झाला की बहुधा दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई. तो खर्च किती घरांना झेपेल? एकट्या आजीला तर त्या मांजराचीच सोबत असते.

पण उपास हा उपाय नाही. जाड मांजरानं दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि मांजर दगावू शकतं. म्हणून आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, कारण म्हातारपणी मूत्रपिंडाचे आणि इतर आजारही असू शकतात. मग वजन करा. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभ्या राहा, नंतर एकट्या उभ्या राहा आणि वजाबाकी करा. बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या हातालाही बरगड्या लागल्या पाहिजेत.

खाणं एकीनंच, एका ठरलेल्या वाटीनं मोजून द्यावं. दूध, बिस्किट, पोळी हळूहळू बंद करा. मोठ्या मांजराला दुधाची गरज नसते, पुष्कळांना ते पचतही नाही. मांस-मासळी मात्र तोडू नका. टॉरिन नावाचा घटक मांजराला मांसातूनच मिळतो आणि तो कमी पडला तर हृदय कमजोर होतं, हे १९८७ साली संशोधनातून दिसलं. दिवसाचं खाणं चार-पाच वेळांत वाटा, वाटी वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा, म्हणजे ते चार पावलं चालेल. उंच उड्या मारायला लावू नका. सहा किलोंच्या मांजराचं वजन आठवड्याला ६० ग्रॅम उतरलं तरी पुष्कळ झालं. खाणं सोडलं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

हजारो वर्षं या जातीनं आपलं धान्य राखलं. आता तिच्या म्हातारपणी पेन्शन द्यायची पाळी आपली आहे. ती भरल्या ताटानं नको, मोजल्या वाटीनं द्यावी. भूक नसेल तेव्हा मांजर मायेसाठीही पायांत घोटाळतं. अशा वेळी वाटीत काही घालू नका, त्याच्या पाठीवरून हात फिरवा.