सड्यावरील कुंपणासाठी व परसबागेसाठी करवंद : लागवड आणि छाटणी

गुहागर तालुक्यातील हेदवी, वेळणेश्वर परिसरात जांभ्या कातळाचा सडा आणि उताराची वरकस जमीन मोठ्या प्रमाणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिमीपेक्षा जास्त पाऊस पडतो. पण तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. सड्यावर माती थोडी असल्याने पाणी टिकत नाही आणि फेब्रुवारीपासून पावसापर्यंत जमीन कोरडी राहते. अशा ठिकाणी शोभेची विकतची झुडपे पाण्याशिवाय जगत नाहीत. करवंद मात्र याच सड्यावरचे झुडूप आहे. ते वर्षभर हिरवे राहते, फुलांना मोगऱ्याच्या जवळ जाणारा गोड वास असतो, फळे मिळतात आणि काट्यांमुळे गुरे अडतात.

भातकापणीनंतर गुरे मोकळी सुटतात. त्यापासून आंबा-काजूची नवी कलमे वाचवण्यासाठी अनेक शेतकरी दरवर्षी सड्यावरची करवंदीची जाळी तोडून काटेरी वई घालतात. ही वई वाळवी लागून वर्ष-दोन वर्षांत मोडते आणि पुन्हा तोड करावी लागते. मजुरी दरवर्षी जाते, सड्यावरची करवंदेही कमी होतात. त्याऐवजी एकदाच जिवंत कुंपण लावले, तर तीन-चार वर्षांनंतर वई घालण्याचा खर्च वाचतो.

रोपे तयार करणे

करवंदाचे बी साठवल्यास उगवणशक्ती लवकर कमी होते. म्हणून मे महिन्यात पूर्ण पिकलेली, मोठी फळे निवडावीत. गर धुऊन बी सावलीत एक-दोन दिवस सुकवावे आणि लगेच पेरावे. १५ × २० सेंमी आकाराच्या पिशव्यांत माती व कुजलेले शेणखत भरून प्रत्येक पिशवीत दोन बिया टाकाव्यात. रोपांची सुरुवातीची वाढ सावकाश असते. त्यामुळे त्याच पावसात लागवडीची घाई न करता एक वर्षाची रोपे पुढील जूनमध्ये लावावीत.

बियांपासून केलेल्या रोपांची फळे मूळ झाडासारखीच येतील याची खात्री नसते. कुंपणासाठी हे चालते. विक्रीसाठी मोठी फळे हवी असल्यास दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण बोल्ड’ या जातीची कलमे लावावीत.

लागवड

• कुंपणासाठी ४५ सेंमी रुंद व तेवढाच खोल चर काढावा. कातळ लागल्यास भेगा पाहून तिथे खड्डे घ्यावेत.
• चर माती, पालापाचोळा आणि मीटरला २ ते ३ किलो पूर्ण कुजलेले शेणखत घालून भरावा. कच्चे शेण टाळावे, त्याने वाळवी येते.
• रोपांत ६० सेंमी अंतर ठेवावे. एका ओळीच्या १०० मीटर कुंपणाला सुमारे १७० रोपे लागतात. दाट कुंपणासाठी दुसरी ओळ ६० सेंमीवर, रोपे आडवी-तिडवी येतील अशी लावावी.
• फळांसाठी स्वतंत्र लागवड असल्यास ३ × ३ मीटर अंतर ठेवावे.
• मातीची पातळी आजूबाजूपेक्षा थोडी उंच ठेवावी. करवंद दुष्काळ सोसते, पण मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. पावसाळ्यात रोपे पिवळी पडून मरतात, त्याचे नेहमीचे कारण हेच असते.
• पाखाडी किंवा रस्त्यापासून किमान एक मीटर आत लावावे. फांद्या पसरल्यावर काटे वाटेवर येतात.

पहिली दोन वर्षे

पहिल्या उन्हाळ्यात दर ८ ते १० दिवसांनी रोपाला ५ लिटर पाणी द्यावे. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा पुरे. त्यानंतर पाणी देण्याची गरज राहत नाही. काटे कोवळे असेपर्यंत गुरे-शेळ्या शेंडे खातात, म्हणून या काळात बाहेरून वईचा आधार ठेवावा.

सड्यावर वणव्याचा धोका असतो. जानेवारीअखेर ओळीच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन मीटर गवत काढून घ्यावे. मोठे झुडूप जळाले तरी बुडातून पुन्हा फुटते. लहान रोप मात्र जाते.

छाटणी कधी करावी?

“कुंपण छान वाढले, पण फूल नाही, करवंद नाही,” ही तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा चूक छाटणीच्या महिन्याची असते. करवंदाला फुलांचे घोस फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात. दिवाळीनंतर सवड मिळते म्हणून डिसेंबर-जानेवारीत कुंपण कातरले, की फुलणारे शेंडेच कापले जातात.

छाटणी फळे संपल्यावर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. पावसाळ्यात नवी फूट येते, हिवाळ्यात ती पक्व होते आणि साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते. ऑक्टोबरनंतर कात्री लावू नये.

लागवडीनंतर रोप ३० सेंमीवर खुडावे, म्हणजे बुडापासून फांद्या फुटतात. दुसऱ्या जूनमध्ये ६० सेंमीवर, तिसऱ्या जूनमध्ये एक मीटरवर छाटावे. पुढे उंची सव्वा ते दीड मीटर राखावी. कुंपण खाली रुंद, वर अरुंद ठेवावे. वर रुंद झाल्यास बुडाला ऊन मिळत नाही व तिथे भगदाडे पडतात. छाटलेल्या काटेरी फांद्या नव्या रोपांभोवती वापरता येतात.

फुले व फळे

फुलांचा वास संध्याकाळी अधिक जाणवतो, म्हणून अंगणाच्या कडेला किंवा पडवीसमोर एक-दोन झुडपे जरूर ठेवावीत. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये. शेजारच्या आंब्यावरील फवारा वाऱ्याने येणार नाही हेही पाहावे. रोपांना तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळे येतात. लोणच्यासाठी कच्ची फळे एप्रिलमध्ये, खाण्यासाठी पिकलेली मे महिन्यात काढावीत. चीक निघतो, त्यामुळे काढणीपूर्वी हाताला खोबरेल तेल लावावे.

दोन मर्यादा लक्षात घ्याव्यात

करवंदाचे कुंपण गुरे अडवते. वानर-माकडांना अडवत नाही. रानडुक्कर पातळ जागेतून घुसते, म्हणून मेलेल्या रोपांच्या जागी पुढच्याच जूनमध्ये नवी रोपे लावावीत.

सुगंधासाठी काही जण कुंतीचे कुंपण करतात. तेही सदाहरित आहे, पण लिंबूवर्गीय झाडांवरील सिट्रस सायला ही कीड कुंतीवर वाढते. आवारात लिंबाची झाडे असल्यास कुंती टाळून करवंदच लावावे.