दासोपंतांची पासोडी : एक अध्यापनसाधन

महाराष्ट्रांतील जुन्या विद्याभ्यासाविषयीं जीं साधनें आजवर हातीं आलीं आहेत, त्यांत एक मोठी उणीव आहे. विद्या कोणी दिली, कोणास दिली व तिच्या खर्चाची तरतूद कशी केली, हें त्यांवरून कळतें. परंतु ती शिकविली कशी, हें सहसा कळत नाहीं. चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें येथील शिलालेखाचेंच उदाहरण घ्यावें. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडांत आणलेला हा लेख सन १२०७ मधील असून, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें स्थापिलेल्या मठाचा त्यांत उल्लेख आहे. मठास दिलेल्या उत्पन्नाचा तपशील इतका बारीक आहे कीं, घाण्यामागें पळीभर तेल मठास मिळे, हेंही त्यावरून समजतें. मात्र त्या तेलाच्या दिव्याखालीं बसलेल्या विद्यार्थ्यास लीलावतींतील गणित कोणत्या रीतीनें उमगून देत, याविषयीं शिळा मूक आहे.

ही उणीव कांहीं अंशीं भरून काढणारें एक साधन बीड जिल्ह्यांत अंबेजोगाई येथें आहे. तें म्हणजे दासोपंतांची पासोडी. संशोधकांस ती नवीन नाहीं; न. शे. पोहनेरकर यांनी तिचें संपादनही केलें आहे. परंतु तिच्याकडे बहुधा एक काव्यग्रंथ किंवा एक नवल म्हणूनच पाहिलें जातें. आमच्या मतें ती याहून निराळी वस्तु आहे, आणि तेंच येथें मांडावयाचें आहे.

अंबेजोगाईस मराठी वेदांतग्रंथांची परंपरा जुनी आहे. विवेकसिंधुकार मुकुंदराजांची समाधि येथें दाखवितात. त्यांच्या स्थळकाळाविषयीं वाद आहे. तथापि शके १११० चा मानला जाणारा हा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादरूपानें रचलेला आहे, ही गोष्ट आमच्या विषयास उपयोगी आहे. शिष्य विचारतो आणि गुरु सांगतो, ही अध्यापनाची एक रीत झाली. तिच्यांत सर्व भार कानावर असतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रोत्यांकडे अवधान मागितलें आहे, त्याचेंही इंगित हेंच. ऐकणाऱ्याचें मन निसटलें कीं सांगणाऱ्याचें सांगणें वायां जातें, हें आपल्या ग्रंथकारांस पक्कें ठाऊक होतें.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ (सन १५५१) मध्यें झाला व त्यांनी शके १५३७ (सन १६१५-१६) मध्यें अंबेजोगाईस देह ठेविला. गीतार्णव ही त्यांची गीतेवरील प्रचंड टीका. तिची ओवीसंख्या परंपरेनें सव्वा लक्ष सांगतात. अशा बहुप्रसव ग्रंथकारानें पंचीकरण हा विषय मात्र पोथींत न लिहितां पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे थंडीवाऱ्यांत अंगावर घ्यावयाचें जाड सुती पांघरूण. दासोपंतांची पासोडी सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद असून तिच्यावर सुमारे १६०० ओव्या आहेत, आणि विषय समजण्यासाठीं ओव्यांच्या जोडीस आकृतींचा आश्रय केलेला आहे.

हा विषय कापडावर कां गेला? याचें उत्तर पंचीकरणाच्या स्वरूपांतच सांपडतें. आकाश, वायु, तेज, आप व पृथ्वी हीं पांच सूक्ष्म भूतें. प्रत्येकाचे दोन समान भाग करावे. एक अर्ध तसेंच ठेवावें, दुसऱ्या अर्धाचे चार भाग करून ते उरलेल्या चार भूतांस एकेक वांटावे. म्हणजे स्थूल पृथ्वींत पृथ्वीचा अंश अर्धा व इतर चौघांचा प्रत्येकी अष्टमांश येतो. विद्यारण्यांच्या पंचदशींत हीच प्रक्रिया सांगितली आहे. या वांटणींत अर्धे भाग पांच व अष्टमांश वीस, मिळून पंचवीस भाग होतात. पुढें देहाचीं पंचवीस तत्त्वेंही याच पांच-पांचांच्या हिशेबानें लावतात : काम, क्रोध, शोक, मोह, भय हीं आकाशाचीं; चलन, वलन, प्रसारण इत्यादि वायूचीं; क्षुधा, तृषा, आलस्य इत्यादि तेजाचीं; आणि अशाच रीतीनें आप व पृथ्वी यांचीं. दासबोधाच्या सतराव्या दशकांतही हीं तत्त्वें मोजलेलीं आहेत.

आतां वाचकांनी हें सर्व केवळ कानानें ऐकून पाहावें. चौथ्या भूताचा तिसरा अंश कोणाचा, हें सांगतांना चांगल्या अभ्यासकाचीही फसगत होईल. तेंच पांच आडव्या व पांच उभ्या घरांची चौकट आंखून मांडलें, तर बाळबोध वाचणारा मुलगाही बोट ठेवून उत्तर देईल. कठिणपणा वेदांताचा नसून मांडणीचा आहे. विषयाला जी आकृति स्वभावतः आहे, ती शिकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें ठेवणें हेंच येथें अर्धें अध्यापन होय.

पासोडीच्या मापावरूनही आम्हांस असेंच वाटतें. पोथीचें पान एका वेळीं एकालाच दिसतें. समोरच्या श्रोत्यांस केवळ तिची पाठ दिसते. चार फूट रुंदीचें कापड पसरलें कीं सभोंवती बसलेल्या सर्वांस एकच गोष्ट एकदम दिसते, मागें काय झालें तें पुन्हां पाहतां येतें, आणि घडी करून परगांवींही नेतां येतें. कागदाच्या टंचाईमुळें कापड वापरलें असेल, अशी शंका कोणी घेईल. पण ज्यानें गीतार्णवासारखा ग्रंथ लिहिला, त्यास या विषयापुरतींच पानें मिळालीं नाहींत हें संभवत नाहीं. तेव्हां कापडाची निवड जाणूनबुजून केलेली असली पाहिजे. हें अर्थात् अनुमान आहे. एवढ्यावरून त्या काळीं गांवोगांवीं अशीं साधनें होतीं, असें म्हणणें अतिरेकाचें होईल. परंतु एका शिक्षकानें तरी ही युक्ति योजिली होती, याला ती पासोडीच साक्षी आहे. चित्रांवरून शिकविण्याचा आद्य ग्रंथ म्हणून यूरोपांत ज्याचा गौरव होतो, तो कोमेनियसचा सचित्र पाठ सन १६५८ मध्यें न्यूरेंबर्ग येथें छापला गेला. तेव्हां दासोपंतांस जाऊन चाळीसांहून अधिक वर्षें झालीं होतीं. यांत कोणाचें श्रेष्ठत्व सांगण्याचा हेतु नाहीं. समोरच्याचें मन कसें धरून ठेवावें, या एकाच अडचणींतून दोन दूरच्या देशांतील दोघे गुरु डोळ्यांकडे वळले, एवढेंच लक्षांत घ्यावें.

या विवेचनाचा हस्तलिखितसंग्राहकांशीं जवळचा संबंध आहे. आपल्याकडे नकल करण्याची रूढ रीत अशी कीं, ओव्या तेवढ्या उतरून घ्याव्या आणि चौकटी, रेघा व आकृति वगळाव्या. काव्याच्या बाबतींत यानें फारसें बिघडत नाहीं. अध्यापनसाधनाच्या बाबतींत मात्र, ओव्या राहून आकृति गेल्या तर उत्तर राहतें आणि शिकविणें जातें. पासोडीसारख्या वस्तूची नकल म्हणजे तिच्या पूर्ण लांबीचें, प्रत्येक अक्षराच्या जागेसह घेतलेलें छायाचित्र. त्याहून कमी तें अपुरें.

आणखी एक विनंति. जुन्या रुमालांत व बाडांत पाढ्यांचीं, उजळण्यांचीं, बाराखड्यांचीं व तत्त्वांच्या कोष्टकांचीं सुटीं पानें निघतात. त्यांवर कर्त्याचें नांव नसतें, शक नसतो, आणि म्हणून तीं क्षुल्लक समजून बाजूस पडतात किंवा वेष्टणास लागतात. सनदा व वंशावळी कोणी टाकीत नाहीं. परंतु कोणत्या घरांत मूल कसें शिकलें, हें सांगणारा दुसरा पुरावा बहुधा उरलेला नसतो. अशीं पानें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनी त्यांची वेगळी टांचणें करावीं, कोणत्या बाडांत व कोणत्या कागदांशेजारीं तीं सांपडलीं तें नोंदवावें, आणि पुसट झालेल्या रेघाही अक्षरांइतक्याच काळजीनें उतरून घ्याव्या.