कोरडे हवामान, ओला दुष्काळ

‘राज्याच्या उर्वरित भागात हवामान कोरडे राहील.’ रेडिओवरच्या हवामानवृत्तातले हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते, की ते कानांवरून नुसते वाहून जाते. खरे तर त्यातला ‘कोरडे’ हा शब्द फार मोजूनमापून वापरलेला असतो. हवामान खात्याच्या हिशेबात एखाद्या विभागातल्या एकाही केंद्रावर पाऊस नोंदला गेला नाही, तर तो विभाग कोरडा. पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पडला, तर ‘तुरळक ठिकाणी’. आणि दिवसभरात अडीच मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तो दिवस ‘पावसाचा दिवस’ म्हणून धरत नाहीत. दोन मिलिमीटर पडला, अंगणातली वाळवण भिजली, आजीने पावसाला चार शब्द सुनावले. पण सरकारदरबारी तो पावसाचा दिवस नव्हे!

खात्याबाहेर, घरात आणि चावडीवर, हा शब्द कुणाच्या मापात राहत नाही. ‘कोरड्यास’ हा शब्दच बघा. आमटी कितीही पातळ असली तरी खेड्यातली बाई विचारते, ‘आज कोरड्यास काय केलंय?’ कारण कोरडी आहे ती भाकरी, आणि तिच्यासाठी जे लागते ते कोरड्यास. कोरडा शिधा वेगळा. तो पदरात घेऊन माणूस आपल्या वाटेने जातो, पंगतीला बसत नाही. मला वाटते, कोरडेपणाला जो दुरावा चिकटला त्याची सुरुवात अशाच ठिकाणी झाली असावी. कोरडी विचारपूस, कोरडी सहानुभूती, कोरडे आश्वासन, दुसऱ्याला ज्ञान सांगणारे कोरडे पाषाण. जिथे माणूस येतो पण थांबत नाही, बोलतो पण गुंतत नाही, तिथे मराठी माणूस पावसाची भाषा वापरतो. उलट मायेला आपण ‘ओलावा’ म्हणतो. आता ‘ओली पार्टी’ म्हटले की भलतेच काही डोळ्यांपुढे येते, ती गोष्ट निराळी.

माझ्या घरात दखनी बोलली जाते आणि मी लिहितो मराठीत, त्यामुळे शब्दांचे सोयरसंबंध शोधायचा मला नादच आहे. संस्कृतातला ‘शुष्क’ आणि फारसीतला ‘खुश्क’ हे सख्खे चुलतभाऊ. एक मराठीत ‘सुका’ होऊन आला, दुसरा दफ्तरातून आला. शाळेच्या इतिहासात आपण ‘खुष्कीचा मार्ग’ शिकलो. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले आणि हा मार्ग युरोपच्या व्यापाऱ्यांना अवघड झाला वगैरे. खुष्की म्हणजे कोरडी जमीन. तिच्या उलट ‘तरी’, म्हणजे ओल, पाण्याची वाट. मिसळीवर जी लाल तर्री तरंगते ती याच घराण्यातली. आणि ज्या शेतकऱ्याला आपण कोरडवाहू म्हणतो, त्याच्या सातबाऱ्यावरचा ‘जिरायत’ हा शब्द अरबी ‘जिराअत’वरून, म्हणजे नुसत्या ‘शेती’वरून आला. मूळ शब्दात कोरडेपणाचा लवलेश नाही. इथल्या बहुतेक शेतीच्या नशिबी पाण्याचा पाट नव्हता, म्हणून ‘शेती’चा अर्थच ‘पावसावरची शेती’ असा होऊन बसला.

आता ज्या शब्दासाठी हे सारे सांगतो आहे, त्याकडे येतो. तो म्हणजे दुष्काळ. आम्ही घरी त्याला ‘सूखा’ म्हणतो, हिंदीही तेच म्हणते. त्या शब्दातच कोरडेपणा आहे. मराठी ‘दुष्काळ’ तसा नाही. दुस् अधिक काळ. वाईट काळ, बस्स. त्यात ना ऊन आहे, ना पाऊस. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण तरी कशाबद्दल आहे? काळाबद्दलच. म्हणून मराठीत दुष्काळाला विशेषण लावावे लागते: कोरडा किंवा ओला. ‘ओला दुष्काळ’ ही कुणाला विसंगती वाटते, कुणाला अलंकार वाटतो. मराठीत ती दोन्ही नव्हे, साधी नोंद आहे.

इतिहासही तेच सांगतो. १६३० साली दख्खन आणि गुजरातेत पाऊस पडला नाही. शाहजहान तेव्हा बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने त्या उपासमारीचे अंगावर काटा आणणारे वर्णन केले आहे. तुकोबांची पहिली पत्नी याच दुष्काळात गेली, असे परंपरा सांगते. पण पुढच्या वर्षी, १६३१ साली, गुजरातेत पाऊस आला तो असा, की उरलेसुरले पीक त्यात कुजले. पहिले वर्ष कोरडे, दुसरे ओले, आणि भूक दोन्ही वर्षे तीच. ती भोगणाऱ्यांना हे दोन वेगळे दुष्काळ वाटले असतील, असे मला वाटत नाही.

दुष्काळ कशाला म्हणायचे हे सरकारने ठरवायचे, ही रीत रुजली ती इंग्रजांच्या अमदानीत. १८७६ ते ७८च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू आकडेवारीनिशी मांडली. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर नियमांची संहिता आली. तिचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. पण दुष्काळ हा ‘जाहीर’ करायचा असतो, हेही तेव्हापासून पक्के झाले.

स्वतंत्र महाराष्ट्राने पुढचे पाऊल टाकले. १९६३ साली एक कायदा करून राज्याच्या कायद्यांतून दुष्काळ हा शब्दच वगळला आणि जागोजागी ‘टंचाई’ बसवली. कारण असे दिले, की सरकारचे पिकांवर सतत लक्ष असल्याने दुष्काळाला वावच उरलेला नाही. नऊ वर्षांनी १९७२ उजाडले. १९७३च्या मे महिन्यात रोजगाराच्या कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसे होती. खडी फोडणे, मिलोची लाल भाकरी, सुकडी या आठवणी आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही इतक्यांदा ऐकल्या आहेत, की त्या आमच्याच वाटतात. त्यांच्यापैकी कुणाच्याही तोंडी मी ‘बहात्तरची टंचाई’ ऐकलेली नाही. सगळे ‘बहात्तरचा दुष्काळ’च म्हणत.

पुढे ‘दुष्काळसदृश’ हा आणखी एक शब्द आला. उच्च न्यायालयात प्रश्न गेल्यावर २०१६च्या मे महिन्यात सरकारने ‘सदृश’ काढून २९ हजारांहून अधिक गावांत दुष्काळ असल्याचे मान्य केले. त्याच वर्षाअखेर केंद्राची नवी नियमावली आली. तिच्यातली कसोटी पावसाची तूट, दोन पावसांमधला खंड, जमिनीतली ओल अशी आहे. इंग्रजी शब्दाला ती योग्यच आहे, कारण तो शब्द मुळात कोरड्याचा. पण तिचे मराठीकरण करताना आपण ‘दुष्काळ’ हाच शब्द ठेवला, आणि आपल्या ऐसपैस शब्दाच्या अंगावर तो तोकडा सदरा चढला.

तो कुठे आवळतो हे २०२५च्या सप्टेंबरात दिसले. धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर भागांत अतिवृष्टी झाली, सीनेला पूर आला, उभी पिके गेली आणि कित्येक ठिकाणी शेतातली मातीही वाहून गेली. शेतकरी म्हणू लागले, ओला दुष्काळ जाहीर करा. मुख्यमंत्र्यांनी सांगितले, की नियमावलीत ओला दुष्काळ अशी संज्ञाच नाही. मात्र दुष्काळातल्या सवलती लागू करू. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. मदत दिली, शब्द दिला नाही. आता कुणी म्हणेल, पैसे मिळाल्याशी मतलब, शब्दाचे काय घेऊन बसलात? पण संज्ञा नियमात असली की मदत हक्काने मागता येते. नसली, की दर वेळी नव्याने मोर्चा काढावा लागतो.

ओलीचे माप मात्र सरकारकडे आहे. हमीभावाने सोयाबीन घ्यायचे तर त्यात ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा नियम. २०२४च्या नोव्हेंबरात केंद्राने ही मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. काढणीला आलेल्या शेंगांवर पाऊस पडला, की खरेदी केंद्रावरचे यंत्र तो बरोबर टिपते. चार दाणे आत टाकायचे, कळ दाबायची आणि आकडा वाचायचा. तिथे ‘ओलावा’ हा शब्द ऐकून कुणाच्या मनात माया येत नाही. शेतकरी पोते परत बैलगाडीत टाकतो आणि माल वाळवायला घरी नेतो.