गोव्यातील परदेशी पाद्री : सहवास, आतिथ्य आणि त्याच्या सीमा



आपला जोयडा तालुका, म्हणजे पूर्वीचा सुपा, गोव्याच्या सीमेला लागून आहे. घाटाखालच्या त्या प्रदेशात चारशे वर्षांपूर्वी नाना देशांचे पाद्री एका छपराखाली राहत होते. आजच्या व्याख्यानासाठी मी त्यांच्या परस्पर आतिथ्याचा विषय निवडला आहे. माझे आयुष्य मराठीच्या अध्यापनात गेले, आणि या पाद्रींचे ऋण मराठी भाषेवरही आहे.

फादर टॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशायर परगण्याचे. १५७५ मध्ये रोम येथे त्यांनी जेझुइट संघात प्रवेश केला. त्यांच्या मायदेशी कॅथलिकांचा छळ चालू होता. जुना मित्र टॉमस पाउंड तुरुंगात होता. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन सोडून ते २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. संघाच्या मंडळींनी आपले मोठ्या प्रेमाने स्वागत केले, असे त्यांनी थोड्याच दिवसांत वडिलांना कळविले. स्वदेशात ज्याला थारा नव्हता, त्याला परदेशी सोबत्यांनी घर दिले.

हे सोबती एका जातकुळीचे नव्हते. १५८० मध्ये अकबराच्या दरबारी गेलेल्या तिघांत रुदोल्फ अक्वाविवा इटालियन, मोन्सेरात कातालान, तर फ्रान्सिस्कु हेन्रिक हे होर्मुझचे, मूळचे इराणी मुसलमान होते. जुलै १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे जे पाच जेझुइट मारले गेले, त्यांतही अक्वाविवांसोबत एक स्पॅनिश, एक आल्प्सच्या दक्षिण उतारावरील आस्कोना गावचा व दोघे पोर्तुगीज होते. सोबत्यांच्या मृत्यूची हकीकत स्टीफन्स यांनी त्याच ऑक्टोबरमध्ये आपल्या भावाला लिहून कळविली.

त्यानंतर लवकरच त्यांच्या मनाची कसोटी लागली. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिऱ्या लीड्स व चित्रकार स्टोरी हे चौघे इंग्रज होर्मुझ येथे हेर समजून पकडले गेले आणि नोव्हेंबर १५८३ अखेर गोव्याच्या तुरुंगात आले. ते राणी एलिझाबेथचे प्रजाजन, म्हणजे स्टीफन्स यांच्या धर्मबंधूंना छळणाऱ्या सत्तेचे लोक. तरीही स्टीफन्स आणि ब्रूझ येथे जन्मलेले फ्लेमिश पाद्री मार्को यांनी व्हाइसरॉयकडे रदबदली केली. २२ डिसेंबरला ते दोन हजार डुकॅटांच्या जामिनावर सुटले. स्टोरीला जेझुइटांनी आपल्या चर्चच्या चित्रकामासाठी ठेवून घेतले. कैद्यांनी धर्मांतर करावे ही आशा यामागे असू शकते, हे मी नाकारीत नाही. पण भाषा आणि माणुसकी यांची ओढही त्यात होती, असे मला वाटते.

परंतु इतिहासकाराने येथेच थांबून चालणार नाही. ज्या साष्टीत हे बंधुत्व फुलले, तेथेच देवळे पाडली गेली होती, आणि कुंकळ्ळीचा उद्रेक त्यातूनच झाला. पुढे गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी म्हणून असोळणे येथील किल्ल्यात बोलावून पोर्तुगीज सत्तेने त्यांचा वध केला. आपल्याकडे उंबरठ्याच्या आत आलेला माणूस शत्रू असला तरी पाहुणा असतो. हा वध त्या धर्माचा भंग होता. पाद्रींचे आपापसांतील आतिथ्य खरे होते. यजमान भूमीपर्यंत मात्र ते पुरतेपणी पोचले नाही.

अपुरे पोचले ते भाषेच्या मार्गाने. इथल्या भाषांची लॅटिन व ग्रीक यांच्याशी असलेली जवळीक स्टीफन्स यांनी १५८३ मध्येच नोंदविली होती. १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण राशोल येथे छापले गेले: सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत, रोमन लिपीत. १६१९ मध्ये ते वारले. त्यांच्या कोकणी व्याकरणात दियोगु रिबैरु यांनी भर घातली, आणखी चौघा पाद्रींनी ते तपासले, आणि १६४० मध्ये ते छापले गेले. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच पाद्रीने संत पीटरवर मराठीत पुराण रचले. मोरोक्कोत जन्मलेल्या आंतोनियु द साल्दाञ्य यांनी संत अंतोनीचे चरित्र मराठीत आणले. इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज आपापली भाषा बाजूला ठेवून ओवीच्या घरी पाहुणे झाले, आणि तिने कोणालाही परके मानले नाही.

हे दार पुढे बंद करण्याचा प्रयत्न झाला. २७ जून १६८४ च्या फर्मानाने व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज अंगीकारण्याचा आदेश दिला. फर्मान काढणाऱ्याची भाषा या मातीत रुजली नाही; शिकणाऱ्याची ओवी आजही वाचली जाते.

कोकणी, कन्नड, मराठी या भाषा ज्या सीमेवर शेजारी नांदतात, तेथील विद्यार्थ्यांना यातून एवढेच सांगावेसे वाटते. शेजाऱ्याची भाषा शिकणे हाच त्याच्या घरी जाण्याचा पहिला शिष्टाचार आहे. ज्यांनी तो पाळला त्यांचे ग्रंथ उरले, आणि ज्यांनी मोडला त्यांच्या वाट्याला किल्ल्यांचे भग्न दगड आले. ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना हा विचार अर्पण करून मी आपली रजा घेतो.